मॅथ्स ठेवू की सोडू?

बीएस्सीचा फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. पुढची सहा-सात वर्षं कोणत्या रस्त्यानं जायचं, तेही त्याच दहा मिनिटांत बरंचसं ठरून जातं. केजच्या एका मुलीच्या फॉर्मची ही गोष्ट.

सोमवार, सकाळचे साडेअकरा. स्टेटस मीटिंग रंगात आलेली. माझा नंबर येणार, तेवढ्यात फोन थरथरला. मामा! आमचा मामा एसटीत कंडक्टर आहे, केजला राहतो आणि ड्युटीवर असताना कधीच फोन करत नाही. त्यामुळे एक तर कुणाचं लग्न ठरलंय किंवा कुणीतरी गेलंय, असं समजून मी बाहेर पळाले.

"अगं माय, पोरीचा फॉर्म भरायचाय. बीएस्सीचा. क्लार्क म्हणतोय ग्रुप सांगा. आता ग्रुप म्हंजी काय सांगू मी त्याला?"

मागून मामेबहिणीचा आवाज आला, "पप्पा, ताईला एवढंच विचारा, मॅथ्स ठेवू की सोडू?"

म्हटलं, आज फॉर्म भरू नका. शनिवारी येते.

मीटिंगमध्ये परतले तर प्रोजेक्टची टाइमलाइन स्क्रीनवर. कोणतं काम कोणावर अडून आहे, कोणतं आधी संपायला हवं, सगळं बाणांनी जोडलेलं. चार महिन्यांच्या कामासाठी आम्ही एवढा आटापिटा करतो. आणि तीन वर्षांच्या पदवीचा आराखडा? तो खिडकीपाशी, मागे रांग खोळंबलेली असताना, क्लार्कच्या "लवकर बोला"वर ठरतो.

माझं कसं झालं

मी दहावीनंतर मॅथ्स सोडलं. "बायो घेतलंय ना, मग मॅथ्स कशाला?" हे सगळ्यांनीच सांगितलं आणि मलाही ते सोयीचं होतं. २०१० मध्ये बारावी झाले. मेडिकल हुकलं. मग बीएस्सीला केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, म्हणजे सीबीझेड. का? मैत्रिणींनी तेच घेतलं होतं म्हणून. दुसरं कारण आठवूनही सापडत नाही.

तिसऱ्या वर्षाला असताना कुणीतरी जॅमचं माहितीपत्रक दाखवलं. जॅम म्हणजे आयआयटी, आयआयएस्सीसारख्या ठिकाणी बीएस्सीनंतर प्रवेश देणारी परीक्षा. केमिस्ट्री तर मला खरंच आवडायची. टायट्रेशनला माझा एंड पॉइंट कधी चुकायचा नाही, असं मी आजही लोकांना न विचारता सांगते. पण पात्रतेच्या तक्त्यात काही संस्थांपुढे एक बारीक अट होती: बारावीला किंवा पदवीला गणित हवं. माझ्याकडे दोन्हीकडे नव्हतं. वीस वर्षांच्या मुलीला त्या एका ओळीनं जेवढं रडवलं, तेवढं नंतर कुठल्या अप्रेझलनं रडवलेलं नाही.

पुढे एमएस्सी केली, पुण्यात औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. आता त्याच क्षेत्रात रेग्युलेटरीचं काम करते. बरं चाललंय. तरी पहिल्याच आठवड्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. एचपीएलसी मशीनमध्ये तेच द्रावण पुन्हा पुन्हा सोडून प्रत्येक वेळी आकडा किती हलतो, ते काढायचं होतं. स्टँडर्ड डिव्हिएशन. मला ते फक्त नावानं माहीत होतं. शेजारच्या मुलाकडून रात्री साडेनऊला कॅन्टीनमध्ये शिकले, टिश्यू पेपरवर.

बीडवाल्यांची जुनी रीत

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. ती पुण्या-मुंबईच्या वाचकांना बहुधा माहीत नसेल. आपल्याकडे 'बीएस्सी केमिस्ट्री' म्हटलं की सगळीकडे एकच डिग्री असते, असं वाटतं. तसं नव्हतं. पुणे विद्यापीठात विषय दर वर्षी कमी होत जायचे आणि तिसऱ्या वर्षाला एकच 'स्पेशल' उरायचा. मुंबईतही शेवटच्या वर्षी फक्त केमिस्ट्री घेता यायची. आमच्या मराठवाडा विद्यापीठात मात्र तीन ऑप्शनल विषय, तिन्ही वर्षं, तिन्ही सारख्याच वजनाचे. त्यामुळे पुण्याच्या कलीगनं टीवायला वर्षभर केमिस्ट्रीच उगाळलेली आणि मी त्याच वर्षी झाडांचे आडवे छेद काढत बसलेली. इंटरव्ह्यूला दोघी एकाच बाकावर.

यात एक फायदा होता, तो नाकारणार नाही. तीन विषयांमुळे दारं जास्त. एका विषयात नाही जमलं तर दुसऱ्यात एमएस्सी करता यायची. बीएड करणाऱ्यांना तर ते बरंच पडायचं. पण केमिस्ट्रीवाल्यानं सोबतीला कोणते दोन विषय घेतले, यावर त्याची केमिस्ट्री किती खोल जाणार हे ठरायचं. ते सांगायला कुणी नसायचं.

आणि त्याच्याही आधी? १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात. १९१८ साली सुरू झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवलं जायचं. औरंगाबादला आपलं विद्यापीठ झालं ते १९५८ मध्ये. आज बीडला बलभीम आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी आणि स्वामी रामानंद तीर्थ आहे, परळीला वैद्यनाथ आहे. घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर लॅब असणं ही दोन पिढ्यांपूर्वी चैन होती. ती चैन आता आहे, मग तिचा नीट वापर का करू नये?

नवा हिशेब

आता नियम बदलले. नवं शैक्षणिक धोरण आलं २०२० ला, महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ते पोचलं २०२४-२५ पासून. आमच्या भागात सध्याची रचना साधारण अशी: पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीनं. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसऱ्याला रामराम. म्हणजे मेजर आणि मायनर कोणता, हे ठरवायला एक वर्ष मिळतं, पण ते ठरवायचं त्या तिघांतूनच. जो विषय पहिल्या वर्षी घेतलाच नाही, तो नंतर कुठून आणणार?

बाकी सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. त्याला घाबरू नका, टाइमशीटसारखंच आहे. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३०. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांत १२० ते १३२. मेजर-मायनरशिवाय त्यात भाषा आली, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय आला, कौशल्याचे कोर्स आले आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये हे सगळं जमा होतं.

एक वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोनानंतर डिप्लोमा, तिनानंतर पदवी, चौथं केलंत तर ऑनर्स. कागदावर ही सोय छान आहे. पण आमच्याकडे मला तिची धास्तीच वाटते. "वर्ष झालं ना? सर्टिफिकेट भेटलं ना? बास की मग." हे वाक्य कोणत्या घरात, कोणत्या मुलीला ऐकायला मिळणार, हे बीडच्या कुणालाही विचारा. मामाला मी हे वर्षा-वर्षाचं प्रकरण सांगितलंच नाही. तीन वर्षांचीच डिग्री असते, एवढंच सांगितलं.

शनिवारची वारी

पुण्याहून रात्रीची गाडी पकडून पहाटे केज, तिथून मामा आणि बहिणीसोबत अंबाजोगाई. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे मामा दर वेळी म्हणतो तेच म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून एकच झालात."

कॉलेजात पोचलो. नवं धोरण म्हणतं, आवडेल ते निवडा. भिंतीवरचं वेळापत्रक म्हणतं, तीन ग्रुप आहेत, त्यातला एक निवडा. बहिणीला खरं तर केमिस्ट्री, मॅथ्स आणि बॉटनी हवं होतं. ते नाही जमणार. मॅथ्सचं लेक्चर आणि बॉटनीचं प्रॅक्टिकल एकाच वेळी. क्लार्कची चूक नाही, वर्गखोल्या आणि शिक्षक जेवढे तेवढेच ग्रुप. पण माहितीपत्रकातलं स्वातंत्र्य आणि भिंतीवरचं वेळापत्रक यांत काय फरक असतो, ते तिला त्या दिवशी एकदम कळलं. फॉर्म भरण्याआधी भिंत बघा, हे माझ्या लिस्टमध्ये पहिलं.

केमिस्ट्रीच्या मॅडम भेटल्या, त्यांनी लॅब दाखवली. एका टेबलावर कंडेन्सर लावलेला. त्याला नळाचं सतत वाहतं पाणी लागतं आणि ते बीड जिल्ह्यात आणायचं कुठून? मॅडमनी बादलीत कूलरचा पंप सोडला होता. तेच पाणी वर जातं, तेच खाली येतं. "उन्हाळ्यात बादलीत बर्फ टाकतो," त्या म्हणाल्या. मला एकदम झकास वाटलं. मामाला तर त्या पंपाचं इतकं कौतुक की त्यानं तो कुठून घेतला, केवढ्याला पडला, सगळं विचारून घेतलं.

मग मुद्द्याचं. प्रॅक्टिकल दुपारी असतात. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सेमिस्टरला साठ तास, आठवड्याला चार. केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी घेतलं तर तीन विषयांच्या तीन लॅब. मॅथ्स घेतलं तर त्यातली एक लॅब कमी. केजहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीसाठी हा मुद्दा फालतू नाही. प्रॅक्टिकल लांबलं की गाडी चुकते आणि गाडी दोनदा चुकली की घरात चर्चा सुरू होते.

उलटा आराखडा

बाहेर रसवंतीवर बसलो. मी वही काढली आणि ऑफिसात करतो तसं केलं. शेवटापासून सुरुवात. तीन वर्षांनी कुठे असावंसं वाटतं? तिथे जायला काय लागतं? ते कोणत्या वर्षी शिकवतात? त्याच्या आधी काय यायला हवं?

मामानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "हे तर आमचंच आहे की. पाशिंजरला परळीवरनं पुढची गाडी धरायची आसंल तर आधी ती किती वाजता सुटती ते बघायचं. मग हितनं कोणत्या गाडीत बसवायचं ते ठरतं."

तर पुढच्या गाड्या. आयआयटी किंवा आयआयएस्सी हवं असेल तर जॅम. त्याच्या केमिस्ट्रीच्या पेपरच्या अभ्यासक्रमातच गणिताचा वेगळा भाग आहे: डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी. शिवाय प्रत्येक संस्थेच्या पात्रतेच्या अटी वेगळ्या, त्या पहिल्या वर्षीच वाचाव्यात, माझ्यासारख्या तिसऱ्या वर्षी नाही. औषध कंपनी हवी असेल तर १९४५ च्या औषध नियमांत उत्पादनावर देखरेख करणाऱ्याची पात्रता दिलेली आहे. फार्मसीवाले तर चालतातच, पण केमिस्ट्री मुख्य विषय असलेला विज्ञान पदवीधरही चालतो, तीन वर्षांच्या अनुभवानंतर. म्हणून मेजर केमिस्ट्रीच ठेवायची, यावर आमच्यात वाद झालाच नाही.

आणि बायोची बाजू काही लेचीपेची नाही. औषधं, एन्झाइम, नैसर्गिक संयुगं, अन्नतपासणी, सगळीकडे बायो कामाला येतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत रमणाऱ्या मुलीला बायोची सोबत मस्तच. मी स्वतः सीबीझेडची असून पोटापाण्याला लागलेच ना! अडचण फिजिकल केमिस्ट्रीत येते. थर्मोडायनॅमिक्स, कायनेटिक्स, क्वांटम. मॅथ्स नसेल तर हे सगळं पाठ करावं लागतं. मी श्रोडिंजरचं समीकरण पाठ केलं होतं, आरतीसारखं, अर्थ न कळता.

"पण मॅथ्सचा केमिस्ट्रीत खरंच उपयोग होतो का?" बहिणीनं विचारलं. "आमचे क्लासचे सर म्हणायचे, बारावीपुरतं ते."

माझ्या हातात उसाच्या रसाचा ग्लास होता. उत्तर त्यातच होतं!

साखरेचं गणित

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. आम्लाच्या पाण्यात ती तुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. सुक्रोजच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. तुटून तयार झालेलं मिश्रण त्याला डावीकडे वळवतं. म्हणून या क्रियेला इन्व्हर्जन म्हणतात, उलटापालट. प्रकाश किती अंशांतून वळला ते पोलारिमीटरवर वाचायचं. दर थोड्या वेळानं वाचत राहिलं की साखर किती उरली, ते कळतं, द्रावणाला हातही न लावता.

१८५० साली लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसानं नेमकं हेच केलं. तुटण्याचा वेग हा त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हे त्यानं डिफरन्शियल इक्वेशन मांडून दाखवलं. रासायनिक क्रियेचा वेग असा गणितात पकडायची ही सुरुवात. आख्खं केमिकल कायनेटिक्स इथून निघालं. ते समीकरण इंटिग्रेट केलं की लॉग येतो, लॉगचा आलेख काढला की सरळ रेघ येते आणि रेघेच्या चढ-उतारावरून वेगाचा आकडा मिळतो. बारावीचं गणित, बास. त्याच्या पलीकडे काही नाही.

आता हे बीडमध्ये बसून ऐका. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. तोडलेला ऊस ताबडतोब कारखान्यावर का न्यायचा, फडात किंवा वजनकाट्याच्या रांगेत का ठेवायचा नाही? कारण तोडल्यापासूनच त्यातली साखर मोडायला लागते, ऊन असेल तर आणखी लवकर. रात्री-बेरात्री गाडी भरायला उठवतात ते याच घाईपोटी. कारखान्याच्या लॅबमधला केमिस्ट रसाचा ब्रिक्स आणि पोल काढतो. त्यातला पोल म्हणजे पोलारिमीटरवरचंच वाचन. विल्हेल्मीनं वापरलं, त्याच तत्त्वाचं यंत्र.

बहीण गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या शेजारच्या काकू जातात तोडीला."

"मग तिसऱ्या वर्षाचं ट्रेनिंग साखर कारखान्यात घे," मी म्हटलं. चार क्रेडिटचं म्हणजे १२० तासांचं काम. सहावं सेमिस्टर आणि गळीत हंगाम बरेचसे एकाच वेळी येतात, म्हणजे कारखाना चालू असताना लॅबमध्ये उभं राहता येईल. मात्र हंगाम मार्चच्या सुमारास आटोपतो, त्यामुळे अर्ज आधीच्या पावसाळ्यातच द्यायला हवा. वहीत तारीख लिहिली. पुढे मन रमलं तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बीएस्सीनंतर साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे कोर्स आहेत, तेही लिहिलं. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी गावातल्या बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजायचा, ईडीटीएचं टायट्रेशन, वाइनसारख्या लालवरून निळा होणारा रंग. हे माझ्या आवडीचं, म्हणून मी घुसडलं. तिनं त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ठीक आहे, डिग्री तिची आहे.

मग बायोचं काय?

हा प्रश्न तिनंच शेवटी काढला आणि जरा हळवी होऊन काढला. दोन वर्षं नीटसाठी बायो घासलेलं. ते असं एका सहीत सोडायचं?

पूर्ण सोडायची गरज नाही. सरकारच्या स्वयम पोर्टलवर बायोकेमिस्ट्रीचे कोर्स असतात आणि २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. मात्र कोर्स कॉलेजनं मान्य केलेला हवा, नाहीतर परीक्षा देऊनही क्रेडिट खात्यात पडत नाहीत. म्हणून पुन्हा वर जाऊन मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तिसऱ्या सेमिस्टरच्या आधी नाव घेऊन ये, मी विभागात मांडते. आश्वासन पक्कं नाही, पण "नाही" पेक्षा बरं. तेही वहीत गेलं.

मामा अस्वस्थ. त्याला दुपारच्या ड्युटीवर पोचायचं होतं. "ठरलं का तुमचं?"

ठरलं होतं, पण तोंडानं कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी मनात तिला ढकलत होते, माझी राहिलेली आयआयटी तिच्याकडून काढून घ्यायला बघत होते. हे मला रसवंतीवरच कळलं आणि म्हणून खिडकीपाशी मी मुद्दाम दोन पावलं मागे उभी राहिले.

"ग्रुप?" क्लार्कनं वर न बघता विचारलं.

"केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स," ती म्हणाली. मग वळून माझ्याकडे नाही, मामाकडे बघितलं. "आणि पप्पा, दुपारच्या प्रॅक्टिकलला उशीर होईल कधी कधी. मग साडेसहाच्या गाडीनं येईन."

"साडेसहाची नाही, पावणेसातची हाय ती," मामा म्हणाला. "कंडक्टर वळखीचाय. सांगून ठेवतो."

मंगळवारी रात्री मी लॅपटॉपवर एका फायलीशी झटत होते, तेव्हा तिचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो. साखरेचा तो लॉगचा आलेख, पट्टीनं काढलेला, नीटनेटका. खाली एक ओळ: ताई, रेघ खाली का जाते? स्लोप मायनस कशामुळे?

मी फाइल सेव्ह केली आणि कोरा कागद शोधायला उठले.